शिरसखारची दुसरी पसंती

१

डब्यात छप्पन्न चिठ्ठ्या निघाल्या. एकसष्ट निघायला हव्या होत्या.

दत्तात्रेय मास्तरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा मोजल्या. छप्पन्नच. डब्यावरची त्यांच्या सहीची पट्टी कुणीतरी ब्लेडने कापून खळीने परत चिकटवली होती. बांध समितीच्या ओसरीवर जमलेली पन्नासेक माणसं सगळी एकदम बोलू लागली.

पेण तालुक्यातल्या शिरसखारला खाडीचा बांध आहे आणि बांधात एक उघाडी. उघाडी म्हणजे लाकडी दार. भरतीला ते लावायचं, म्हणजे खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला उघडायचं, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत उतरतं. चाळीस वर्षं हे काम करणारा राखणदार श्रावणात वारला आणि दाराला धनी उरला नाही. गेल्याच आठवड्यात भरतीच्या वेळी ते उघडं राहिलं आणि अर्धा एकर भात करपला. आता कोजागिरीचं उधाण चार दिवसांवर होतं आणि शिवारातला भात दाणा धरत होता. चावी कुणाकडे, हे त्याआधी ठरायलाच हवं होतं.

उमेदवार तीन. कोयता चिन्हाचा निलेश, भातवाल्यांचा माणूस. त्याच्या मते दार जास्तीत जास्त बंद असावं. होडी चिन्हाचा फुरकान, मस्कतहून परतलेला; त्याचं कोळंबीचं तळं, त्याला भरतीचं थोडं पाणी आत हवं. आणि हंडा चिन्हाची चंद्रावती, वारलेल्या राखणदाराची बायको. तिला स्वतःसाठी काही नको होतं, पण भरती कधी लागते ते तिला घड्याळाशिवाय कळायचं.

हात वर करून मतं घेतली असती तर डोकी फुटली असती. म्हणून फुरकानने रोह्याहून आपले गणिताचे जुने सर बोलावले. मास्तरांनी शिक्षक मतदारसंघात पसंतीक्रमाने अनेकदा मत दिलं होतं. त्यांनी गावाला पद्धत समजावली: एकालाच शिक्का मारायचा नाही; आवडीप्रमाणे एक, दोन, तीन लिहायचं. आधी पहिल्या पसंतीची मतं मोजायची. कुणाला अर्ध्याहून जास्त पडली तर तो आला. नाही पडली तर सगळ्यांत मागे राहिलेला बाद. मात्र त्याच्या चिठ्ठ्या फेकायच्या नाहीत. प्रत्येक चिठ्ठीवर पुढची पसंती ज्याची, त्याच्या गठ्ठ्यात ती टाकायची.

रविवारी मतदान झालं. निलेश चोवीस, फुरकान वीस, चंद्रावती सतरा. चंद्रावती बाद झाली. तिच्या सतरापैकी अकरा चिठ्ठ्या फुरकानकडे गेल्या, सहा निलेशकडे. फुरकान एकतीस, निलेश तीस.

निलेशने फेरमोजणी मागितली. तीच आज चालली होती. निलेशचा गठ्ठा चोवीसचाच होता, चंद्रावतीचा सतराचा. फुरकानच्या गठ्ठ्यात मात्र पंधराच चिठ्ठ्या होत्या.

"होडीचीच पाच गेली," मागून कुणीतरी ओरडलं. "चोर शोधायला मास्तर कशाला पायजे?"

सगळ्या माना निलेशकडे वळल्या. त्याचा चेहरा लाल झाला. "माझ्या आईची शपथ..." तो म्हणाला.

फुरकानचे वडील याकूब समितीचे सर्वांत जुने सभासद. त्यांनी काठी आपटली. "शपथा नकोत. उधाणाच्या आदल्या दिवशी सभा. तवर मास्तर काय ते शोधतील. त्यांच्याच सहीचा डबा हाय."

शेवटचं वाक्य साधं होतं, पण मास्तरांना ते टोचलं.

२

रोह्याला घरी आल्यावर मास्तरांनी जेवणाच्या टेबलावर छप्पन्न चिठ्ठ्या मांडल्या. डबा ठेवलेल्या समितीच्या खोलीची किल्ली ओसरीवर खिळ्याला असायची. कुणीही काढावी, आतलं फावडं घ्यावं, किल्ली परत लावावी. त्यामुळे कोण आत गेलं हे विचारण्यात अर्थ नव्हता. चोराने पाचच का नेल्या आणि त्याच पाच का नेल्या, एवढंच शोधण्यासारखं होतं.

त्यांनी अक्षरं पाहिली. गिरवल्यासारखे एक, घाईतले तीन, उर्दू शाळेत शिकलेल्या दोघांचे उर्दू आकडे. पाहता पाहता त्यांचा हात थांबला.

रविवारी मिठागरावर काम केलेल्या पाच म्हाताऱ्या मत द्यायला आल्या होत्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. मास्तरांनी प्रत्येकीला आडोशाला घेऊन, विचारून, स्वतःच्या हाताने चिठ्ठी भरली होती. पाचही जणींचा क्रम एकच निघाला होता: होडी एक, हंडा दोन. मास्तरांचा दोनचा आकडा खाली शेपटीला गोल वळसा घेई. रोह्याच्या शाळेत तीस वर्षं मुलं त्या वळशाची नक्कल करत आली होती.

समोरच्या छप्पन्न चिठ्ठ्यांत तो वळसा एकाही दोनला नव्हता.

म्हणजे चोराने होडीची कुठलीही पाच मतं उचललेली नव्हती. त्याने मास्तरांच्या हातच्या पाच चिठ्ठ्या निवडून काढल्या होत्या.

सगळ्या नोकरीत मास्तरांच्या गुणपत्रकावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. आज पहिल्यांदा त्यांची मान गरम झाली. आपण काय केलं ते कळण्याआधीच लाज येऊन बसली होती.

३

निलेश धाटावच्या एका कंपनीत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पाळी लागायच्या वेळी मास्तर गेटवर जाऊन उभे राहिले. बसमधून उतरणारे, दुचाक्या काढणारे, त्या गर्दीतून निलेश त्यांना पाहून सरळ पुढे आला.

"या, चोराला भेटायला आलात?"

"चहा पाजायला आलो."

टपरीवर त्याने कप हातात धरला, प्यायला नाही. "पट्टी कापली कधी म्हनता?"

"मंगळवारी दुपारपर्यंत धड होती, याकूबभाईंनी पाहिली होती. बुधवारी सकाळी आपण उघडली."

"मंगळवारी माझी दुसरी होती."

"दुसरी काय?"

निलेश हसला. "पाळी, सर! दुपारी तीन ते रात्री अकरा. बसच्या वहीत सही हाय माझी. घरी गेलो तवा बारा वाजलेले, न सकाळी तुमच्यासमोर बसलेलो. आमच्यात नुसतं दुसरी म्हटलं की कुनी विचारत नाय, काय दुसरी."

मास्तर ओशाळले. शब्द डोक्यात कुठेतरी अडकून राहिला, पण तेव्हा त्यांनी त्याकडे लक्ष दिलं नाही.

"एक सांगा," निलेश म्हणाला. "चोवीस लोकांनी मला पहिला केला. सगळ्यांत जास्त. तरी मी हरलो. हा कुठला न्याय?"

"सदतीस लोकांना तू पहिला नको होतास. ते दोघांत विभागले होते. एकजण गेल्यावर त्यांना विचारलं, आता या दोघांत कोण? त्यात तू एका मताने मागे राहिलास."

"त्यांना विचारलंत. माझ्या चोवीस जनांना विचारलंत का? त्यांनीबी दोन लिवलंय. मी शेवटपर्यंत ऱ्हायलो म्हनून त्यांचा दोन कुनी वाचलाच नाय. त्यातल्या निम्म्यांनी चंद्रावतीकाकीला दोन दिलाय, मला सांगितलंय त्यांनी. काकी गावाला चालनारी बाई, न तीच पहिली बाद!"

मास्तरांनी कप खाली ठेवला. या पद्धतीतली ही खोट त्यांना माहीत होती. सगळ्यांना दुसरी म्हणून चालणारा माणूस पहिल्याच फेरीत गळू शकतो. कोण आधी बाद होतं, त्यावर सगळं फिरतं. गावाला समजावताना त्यांनी हे सांगितलं नव्हतं. सांगितलं तर लोक गोंधळतील, असं वाटलं होतं.

"ही खोट आहे," ते म्हणाले. "मी सांगायला हवी होती."

निलेश त्यांच्याकडे पाहत राहिला. मास्तर चूक कबूल करतील असं त्याला वाटलं नसावं.

परतीच्या एसटीत मास्तरांनी तिकिटाच्या मागे गणित मांडलं. पाच चिठ्ठ्या कायमच्या गेल्या असं धरलं तर? निलेश चोवीस, चंद्रावती सतरा, फुरकान पंधरा. आता फुरकान बाद. त्याच्या पंधरा चिठ्ठ्यांवर पुढचं नाव काय, ते त्यांनी काल मोजलंच होतं: बारा चंद्रावती, तीन निलेश. म्हणजे चंद्रावती एकोणतीस, निलेश सत्तावीस.

होडीची मतं चोरून कोयता जिंकत नव्हता. हंडा जिंकत होता.

४

चंद्रावतीला एक, दोन, तीन कसेबसे काढता यायचे, त्यापलीकडे अक्षरओळख नव्हती. मास्तरांच्या दोनचा वळसा तिला ओळखू येणं शक्य नव्हतं. मास्तर गेले तेव्हा ती उघाडीच्या दाराला खोबरेल नि चुन्याचा लेप देत होती. कुणी सांगितलेलं नसताना.

"चावी नको व्हती मना," ती म्हणाली, काम न थांबवता. "पन दाराला मानूस लागतो. मतं कमी पडली, पडली. ह्या बायकांनी तरी टाकलं आसल मना, असं वाटलेलं."

त्या बायका म्हणजे त्या पाच. तिच्या बरोबरीने मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहिलेल्या. मास्तर तिथून थेट बायजाबाईकडे गेले.

बायजाबाई अंगणात जवळा वाळत घालत होती. शेजारी सीताबाई कोंबड्यांना हाकत होती.

"मत गुप्त असतं, मावशी. पण माझ्याच हातून लिहून घेतलंत म्हणून विचारतो. चंद्रावतीबाईंना तुम्ही पाचही जणींनी दुसरी..."

"हळू!" बायजाबाई दचकली. बांधाकडे पाहून तिने पदर तोंडाशी धरला. "तिच्या कानावर जायाचं."

"काय जायचं?"

"ते नाव वो. आमी आमच्यात बोलतो. तोंडावर नाय कवा."

मास्तरांना कळेना. "बरं. मग तुमची पहिली कोण होती?"

"पहिली व्हय?" बायजाबाईने सुस्कारा सोडला. "पहिली बिचारी कवाच गेली. सरप चावला तिला, बांधावरच. मंग राखनदारानी हिला आनली."

सीताबाई कोंबड्या सोडून जवळ आली. "मास्तर, आमी पाची जनींनी दुसरीलाच मत टाकलं न. तरी ती हरली कशी, त्ये तुमी सांगा."

अंगणात उन्हाने जवळ्याचा वास उठला होता. मास्तर तिथल्या दगडावर बसले.

५

रविवार त्यांना जसाच्या तसा आठवला. आडोशाला बायजाबाई. तिच्यासमोर तीन चित्रं. तिने हंड्यावर बोट ठेवलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "दुसरी." मास्तरांनी हंड्यापुढे २ लिहिला, वळसा घेऊन. "मग होडी का कोयता?" "होडी." होडीपुढे १. पाच जणी, पाच वेळा तेच. पहिली पसंती कोण, हा प्रश्न त्यांनी एकीलाही विचारला नव्हता. बाहेर रांग होती. शिवाय आपल्याला बरोबर ऐकू आलंय, याची खात्री होती.

राखणदाराची दुसरी बायको. चाळीस वर्षं गावात राहून, पाठीमागे तिचं नाव फक्त 'दुसरी'. बाहेरून आलेल्या मास्तरांना ते कोण सांगणार?

त्यांनी आकडे पुन्हा मांडले. पाच मतं जिथली तिथे पडली असती तर निलेश चोवीस, चंद्रावती बावीस, फुरकान पंधरा. फुरकान बाद, चंद्रावती चौतीस, निलेश सत्तावीस. गावाने निवडलेली राखणदारीण त्यांच्या पेनाने बाद केली होती.

आता चोरही दिसत होता. त्याला मास्तरांचं अक्षर ओळखता येत होतं. 'दुसरी' कोण, हे त्याला माहीत होतं. कोण आधी बाद झालं की पुढे काय होतं, हे गणित त्याला येत होतं. गावात या तिन्ही गोष्टी ठाऊक असणारा माणूस एकच होता, आणि चोरी करून हरलाही तोच.

फुरकान तळ्यावर जाळं धूत होता. सरांना पाहून उभा राहिला. मास्तर काही बोलण्याआधी त्याने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून त्यांच्या हातात दिली. आत पाच घड्या होत्या.

"अम्मीला दुकानात बायजाबाईंनी सांगितलं, आम्ही दुसरीला दिलं. अम्मी घरी येऊन म्हणाली, मग तुला इतकी मतं आली कुठनं?" त्याची नजर पाण्याकडे होती. "मी त्या दिवशी रांगेत होतो, सर. तुमचा आवाज ऐकलेला. होडी का कोयता, होडी का कोयता. लगेच समजलो."

"मग माघार घ्यायचीस."

"माघार घेतली तर समितीच्या ठरावाप्रमाणे चावी जाते शेवटच्या फेरीत समोर होता त्याला. निलेशला. बायकांचं मत पुन्हा वाया."

"मला सांगायचंस, फुरकान."

त्याने जाळं पुन्हा हातात घेतलं. "काय सांगू? चारचौघांत म्हणू, सरांनी चूक केली? आणि चूक काय ते सांगताना काकीसमोर तो शब्द बोलू? म्हटलं, फेरमोजणी होणारच आहे. पाच कमी भरल्या तर लोक म्हणतील, वाऱ्याने गेल्या असतील. उरलेल्या मोजतील, काकी येईल." त्याने जाळं पिळलं. "निलेशवर जाईल हे नाही आलं डोक्यात. बुधवारपासून त्याच्या घरावरनं जाता येत नाय मला. त्याची आई माझ्याकडे बघते आणि रडते. तिला वाटतं, माझी मतं तिच्या पोराने चोरली."

तळ्यात कोळंबीने पाणी हललं.

"सभेत मी बोलेन," मास्तर म्हणाले.

"माझं नाव घ्या, सर."

"तुझं तू घे. मला माझंच पुरे आहे."

६

सभेला सगळे एकसष्ट आले. समोर चंद्रावती खांबाला टेकून बसली होती.

"निलेशने काही चोरलेलं नाही," मास्तरांनी सुरुवात केली. "ज्यांनी त्याला चोर म्हटलं त्यांनी आज त्याच्या घरी जाऊन यावं. मीही जाणार आहे."

फुरकान उठला आणि चिठ्ठ्या आपण काढल्या हे त्याने एका दमात सांगितलं. ओसरी उसळली. "स्वतःचीच मतं? येडा झाला का?" निलेश उठून उभा राहिला होता. मास्तरांनी हात वर केला.

"का काढल्या ते ऐका. त्या पाच चिठ्ठ्यांवर मी चुकीचं लिहिलं होतं. मतदाराने सांगितलेली पहिली पसंती मी दुसरी म्हणून लिहिली. मी नीट विचारलं नाही. चूक माझी आहे आणि त्यामुळे गावाचा निकाल..."

"चुकीचं कसं लिवलंत?" निलेशने अडवलं. "इतक्या शिकलेल्या मान्साला एक न दोन कळत नाय? काय ऐकलंत तुमी?"

मास्तर थांबले. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. बायजाबाईचा पदर डोळ्यांपर्यंत आला.

"दुसरी," चंद्रावती म्हणाली.

"हेच ऐकलं आसल त्यांनी. मना दुसरी म्हनतात, त्ये मना म्हाईत नाय व्हय? चाळीस वरसं म्हाईत हाय. तोंडावर कुनी बोललं नाय, इतकाच मान राखलात." तिचा आवाज चढला नव्हता. तिने म्हाताऱ्यांकडे पाहिलं. "बायजे, मीठ वाहताना माझी टोपली तू उचलून दिलीस न गो? तवाबी मनात ह्याच नावानी हाक मारलीस?"

बायजाबाईला रडू फुटलं.

याकूबभाईंनी सभेची वही मास्तरांपुढे सरकवली. "लिवा. फेरमतदान आजच." मास्तरांनी लिहिलं: 'मत लिहून देणाऱ्याच्या चुकीमुळे.' आणि मोठ्याने वाचलं.

"शब्दबी लिवा," चंद्रावती म्हणाली. "नायतर पुढच्या टायमाला परत हुईल."

मास्तरांनी लिहिला. तीन अक्षरं, तीस वर्षं फळ्यावर लिहिलेली. त्या ओळीखाली सही करताना त्यांना आपलंच अक्षर नको वाटलं. मग त्यांनी त्याच पानावर आणखी एक ओळ घातली: सर्वांना चालणारा उमेदवार या पद्धतीत पहिल्या फेरीत बाद होऊ शकतो, हे मतदानापूर्वी सांगण्यात यावं. आणि ती ओळ सगळ्यांना वाचून दाखवली. निलेशने मान डोलावली.

मतदान सुरू झालं. या वेळी आडोशाला मास्तरांबरोबर निलेश आणि फुरकानची अम्मी जमिला असे दोन साक्षीदार बसले. पाचही म्हाताऱ्यांनी तसं चालेल म्हणून सांगितलं. बायजाबाई आली तेव्हा मास्तरांनी पेन खालीच ठेवलं होतं.

"मावशी, पहिली पसंती कोण? सगळ्यांत आधी कोण हवं?"

तिने हंड्यावर बोट ठेवलं. मग तिने बाहेर पाहिलं. नव्या जागेचं नाव उच्चारावं तसं, अडखळत, ती म्हणाली, "चंद्रावती."

मास्तरांनी १ लिहिला आणि चिठ्ठी तिच्यासमोर धरली. "हा एक आहे. बघून घ्या." ती वाचू शकत नव्हती. तरी तिने बराच वेळ पाहिलं.

शेवटच्या चिठ्ठ्या पडत होत्या तेव्हा चंद्रावती खांबाचा आधार घेऊन उठली. "भरती लागली," ती म्हणाली. "दार लावून येते."

मोजणी व्हायची होती. उघाडीची चावी अजून कुणाचीच नव्हती. ती खिळ्यावरून काढताना तिला कुणी अडवलं नाही. थोडं अंतर राखून निलेश तिच्या मागे निघाला, दाराचा दोर ओढायला. ओसरीवर डब्याभोवती बसलेल्या माणसांनी ती दोघं बांधावर पोचेपर्यंत डबा उघडला नाही.